बायोचार घालून प्रदूषित माती खरंच सुधारते का?

काळीमाती :
कारखान्याच्या सांडपाण्यानं नासलेल्या जमिनीवर लोक दोनच उपाय सांगतात, वरची माती खरवडून दुसरीकडे नेऊन टाका नाहीतर जमीन तशीच पडू द्या. मला वाटतं बायोचारला उगाच मागच्या बाकावर बसवलंय. काडीकचरा, भुसा असलं काहीही अगदी कमी हवेत ३५० ते ७०० डिग्रीला तापवलं की जो सच्छिद्र कोळसा उरतो तोच बायोचार, तो शिसं, कॅडमियम, तांबं धरून ठेवतो, वर मातीचा सामू (पीएच) वाढवतो, म्हणजे आम्लपणा कमी करतो, त्यामुळे हे धातू पाण्यात कमी विरघळतात आणि मुळांपर्यंत कमी पोचतात. त्याच्या भोकांमध्ये जिवाणूंना ओल आणि आडोसा मिळतो ते वेगळंच. ॲमेझॉन खोऱ्यातली टेरा प्रेटा बघा, जुन्या वस्त्यांच्या कोळशा-हाडांतून झालेली माती, शेकडो वर्षांनी अजून सुपीक आहे.

शंकासुर :
आलं टेरा प्रेटा! अहो ती जमीन निकस होती, प्रदूषित नव्हे. आणि धातू धरून ठेवतो म्हणजे तिथेच ठेवतो ना? एकूण शिसं होतं तेवढंच राहणार, उद्या माती परत आम्लधर्मी झाली की सुटेल.

काळीमाती :
शिसं नाहीसं होतं असं म्हटलंय कुठे मी? पिकात आणि विहिरीत किती उतरतं ते बघायचं. माती खरवडून नेली तरी शिसं दुसऱ्याच्या दारात जातं, संपत नाही.

रसायनवाली :
दोघंही आर्सेनिक विसरलात. कॅडमियम-शिशाला सामू वाढलेला चालतो, आर्सेनिकचं बऱ्याचदा उलट होतं, ते ऋणभारित असल्यामुळे सामू वाढला की मातीच्या कणांवरून सुटून पाण्यात येतं. म्हणजे दोन्ही असलेल्या भातखाचरात साधा बायोचार टाकला तर एक कमी आणि दुसरं जास्त. तिथे लोह चढवलेला बायोचार लागतो, लोहाच्या ऑक्साइडला आर्सेनिक चिकटतं. आधी माती तपासा, मग बोला.

शंकासुर :
हेच म्हणतोय! आणि हिशोब करा की जरा. १ हेक्टरचा वरचा १५ सेंमी थर म्हणजे ढोबळ २००० टन माती, २ टक्के म्हटलं तरी ४० टन बायोचार. एवढा आणायचा कुठून? मग कोणीतरी सांडपाण्याचा गाळ भाजणार, त्यातले जड धातू बहुतेक कोळशातच एकवटतात, आणि भट्टी नीट चालवली नाही तर पीएएचसारखी (अर्धवट जळण्यातून होणारी कर्बाची) घातक संयुगं त्यातच तयार होतात. नवं प्रदूषण आपल्याच हातानं.

जिवाणूप्रेमी :
गाळाचा मुद्दा मान्य, पण तो भट्टीवाल्याचा दोष झाला. सगळे धातूंवरच अडकलेत म्हणून लिहितोय, खरी मजा तेल आणि कीटकनाशकांच्या प्रदूषणात आहे, कारण ती जिवाणू खाऊन संपवू शकतात, शिसं कोणी खात नाही. अडचण अशी की जास्त तापमानाचा कोळसा हे रेणू इतके घट्ट ओढून घेतो की जिवाणूंच्याही तोंडी लागत नाहीत. म्हणून तेल खाणारे जिवाणू आधीच बायोचारवर वाढवून तो मातीत घालतात, खाणारा आणि खाणं एकाच जागी. आणि नुसता ताजा कोळसा ओतू नका हो, तो सुरुवातीला नत्रही अडवून धरू शकतो, कंपोस्टमध्ये मुरवून घाला. मग डिहायड्रोजिनेज हे जिवंत जिवाणूंमधलं विकर (एन्झाइम) मोजा, जिवाणू नुसते आहेत की काम करतायत ते कळतं.

शंकासुर :
तेलाचं पटलं. धातूंच्या जमिनीवर मात्र दर काही वर्षांनी सामू आणि विरघळणारे धातू कोण मोजणार ते सांगा. एकदा टाकला की फोटो काढून सगळे गायब.

काळीमाती :
ज्यानं घाण केली त्यानं मोजायचं, अजून कोणी?

शंकासुर :
त्यानं सांडपाणी तरी कधी मोजलं होतं?