विषय: नववीचा फॉर्म, भाषांचा रकाना (सोमवारी शाळेत द्यायचाय)

केळुसकर, मस्कत

मंडळी, थेट मुद्द्यावर येते. मुलीचा नववीचा प्रवेश सावंतवाडी तालुक्यातल्या त्याच कॅथलिक शाळेत ठरलाय, ज्याबद्दल मागे बोलणं झालं होतं. इंग्रजी माध्यम, राज्य बोर्ड. फॉर्मचे दोन रकाने अडलेत.

पहिला भाषांचा. इंग्रजी प्रथम भाषा, पुढे दोनच पर्याय छापलेत: (अ) मराठी आणि हिंदी संपूर्ण, (ब) मराठी आणि हिंदी-संस्कृत संयुक्त. इथे सीबीएसईत तिला फ्रेंच आहे, हिंदी पाचवीनंतर सुटली. मराठी घरात बोलते, वाचताना अडखळते.

दुसरा 'धर्मशिक्षण / मूल्यशिक्षण'. एक खोडायचंय, खाली पालकांची सही. आम्ही हिंदू आहोत. कुठलंही खोडलं तर दहावीच्या गुणांवर परिणाम होतो का?

सोमवारी दीर फॉर्म देणार आहेत. जाणकारांनी कृपया सांगावं.

देसाई, दुबई

परदेशातून आलेल्या मुलांना मराठीतून सूट असते असं ऐकून आहे. मराठी काढून फ्रेंच लिहा. नाहीच जमलं तर बेस्ट ऑफ फाइव्ह आहे, मराठीचे गुण आपोआप बाजूला पडतील.

फर्नांडिस, अबू धाबी

देसाई, हा सल्ला कुणी अमलात आणला तर मुलीचं नुकसान होईल, म्हणून सविस्तर लिहितो.

राज्यातल्या सर्व बोर्डांच्या शाळांना मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० चा. २०२०-२१ ला पहिली आणि सहावीपासून सुरू झाला आणि दर वर्षी एक इयत्ता चढत २०२४-२५ ला दहावीत पोचला. सूट द्यायची तर ती शासनाने द्यायची, मुख्याध्यापकांच्या हातात ते नाही. सूट मिळेल या आशेवर रकाना मोकळा ठेवला तर मुलगी दोन-तीन महिने मराठीच्या तासाला नुसती बसून राहील आणि पहिल्या घटक चाचणीला पुस्तक उघडेल.

फ्रेंच बोर्डाच्या यादीत आहे. पण विषय यादीत असून भागत नाही, शाळेत त्याचा शिक्षक लागतो. अनुदानित शाळेतली पदं पटावरून, संचमान्यतेने (शिक्षकपदांच्या शासकीय मंजुरीने) ठरतात. एका मुलीसाठी फ्रेंचची तासिका निघणार नाही. फॉर्मवर दोनच पर्याय छापलेत, कारण शाळेकडे शिक्षक तेवढेच आहेत.

बेस्ट ऑफ फाइव्हबद्दलही गैरसमज नको. दहावीला सहा विषय, ६०० गुण: तीन भाषा, गणित, विज्ञान आणि तंत्रज्ञान, सामाजिक शास्त्रे. टक्केवारी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर, ५०० पैकी निघते. पण उत्तीर्ण सहाही विषयांत व्हावं लागतं. मराठी टक्केवारीतून बाहेर गेली तरी परीक्षेतून जात नाही.

गुणांची विभागणी: भाषांना ८० लेखी आणि २० अंतर्गत. गणित भाग १ व २ प्रत्येकी ४० आणि अंतर्गत २०, विज्ञानाचंही तसंच, फक्त तिथले २० प्रयोगांचे. इतिहास-राज्यशास्त्र ४०, भूगोल ४०, अंतर्गत २०. याशिवाय श्रेणीचे विषय: आरोग्य व शारीरिक शिक्षण, स्वविकास व कलारसास्वाद, जलसुरक्षा, आणि संरक्षणशास्त्र किंवा स्काउट-गाइड, एनसीसी यांपैकी शाळेत असेल ते. श्रेणी टक्केवारीत धरत नाहीत, पण वर्षभराच्या नोंदी लागतात.

धर्मशिक्षण किंवा मूल्यशिक्षण यातल्या कशातच नाही. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर दोन्ही येत नाहीत. निर्धास्त खोडा.

पेडणेकर, शिक्षण उपसमिती

फर्नांडिस सरांच्या माहितीबद्दल आदर आहे. पण शाळाप्रवेशाचे प्रश्न आधी उपसमितीकडे पाठवायचे असं आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत ठरलेलं आहे. शाळांची यादी, कागदपत्रांची यादी आम्ही ठेवतो. इथे दहा जण दहा सल्ले देतात, आणि ते नंतर निस्तरायला आमच्याकडे येतं.

आता निघालंच आहे तर भाषांआधी दाखल्याकडे बघा. इथल्या शाळेच्या दाखल्यावर नाव आधी, आडनाव शेवटी असतं. महाराष्ट्रात जनरल रजिस्टरला आडनाव, नाव, वडिलांचं नाव या क्रमाने चढतं आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात जातं. त्या रजिस्टरवरचंच नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर येतं. कारकून इथला क्रम जसाच्या तसा उतरवतो आणि मुलीचं नाव आडनावाच्या जागी जाऊन बसतं. दिरांना सांगा, फॉर्म देताना रजिस्टरची नोंद डोळ्यांनी बघूनच निघा. दाखल्यावर भारतीय दूतावासाचं साक्षांकन तिकडे जाण्याआधी करून घ्या, तिथून ते करणं फार जिकिरीचं.

लोपीस, दोहा

धर्मशिक्षणाबद्दल. आमच्या वसईत कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला आणि बाकीची मूल्यशिक्षणाला बसतात, एकाच तासाला, वेगवेगळ्या वर्गांत. खोडायचं म्हणजे एवढंच. यात शाळेची मेहेरबानी नाही, संविधानाच्या कलम २८(३) प्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवायचं तर पालकांची संमती लागते. म्हणून खाली सही. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेनेही एप्रिल २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच सांगितलंय: दुसऱ्या धर्माच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, सकाळच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणा.

वसईच्या बऱ्याच शाळा मराठी माध्यमाच्या, तिथे धर्मशिक्षणही मराठीतच. सावंतवाडीलाही तसंच असेल.

पेडणेकर, शिक्षण उपसमिती

लोपीस, वसईचं इथे लावू नका. वसई मुंबई विभागीय मंडळात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकण विभागीय मंडळात, त्याचं कार्यालय रत्नागिरीला.

फर्नांडिस, अबू धाबी

पेडणेकर, विभागीय मंडळ वेगळं असल्याने अभ्यासक्रम बदलत नाही. नऊही विभागांत पुस्तकं एक, प्रश्नपत्रिका एक. बदलतात ती केंद्रं आणि दुरुस्तीसाठी ज्याचा उंबरा झिजवायचा ते कार्यालय.

खरा फरक धर्मप्रांताचा, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशाचा आहे. वसई धर्मप्रांत १९९८ ला मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ चा, पुण्याच्या धर्मप्रांतातून काढलेला. अलिबाग-कोर्लई पट्टा अजून मुंबईकडेच. धर्मशिक्षणाचं पुस्तक आणि परीक्षा धर्मप्रांत ठरवतो, बोर्डाचा त्यात हात नाही. त्यामुळे एकाच किनाऱ्यावरच्या दोन कॅथलिक शाळांत विज्ञान अक्षरशः एक आणि धर्मशिक्षण वेगळं असू शकतं.

केळुसकरबाईंना याचा उपयोग आहे तो वेळापत्रकापुरता. सोमवार ते शुक्रवार ८ आणि शनिवारी ५ अशा ४५ तासिका धरा. नववीला साधारण हिशेब असा बसतो: इंग्रजी ६, मराठी ५, तिसरी भाषा ५, गणित ७, विज्ञान ७, सामाजिक शास्त्रे ६. झाल्या ३६. उरलेल्या ९ मध्ये शारीरिक शिक्षण २, स्वविकास व कलारसास्वाद २, जलसुरक्षा १, संरक्षणशास्त्र किंवा स्काउट-गाइड १, संगणक १, धर्म/मूल्यशिक्षण २. शाळेगणिक एखादी तासिका इकडची तिकडे होते.

वेळापत्रक मांडताना कॅथलिक शाळेत सर्वांत आधी या शेवटच्या २ तासिका ठोकतात, कारण दोन्ही तुकड्यांतली कॅथलिक मुलं एकत्र बसवायची असतात. म्हणजे त्या तासाला सगळ्या तुकड्या मोकळ्या हव्यात आणि दोन-तीन शिक्षक एकाच वेळी हवेत. त्यानंतर प्रयोगशाळेच्या जोडतासिका, मग दोन तुकड्यांना मिळून एकच असलेले शिक्षक, आणि राहिलेल्या जागेत बाकीचे विषय. हा क्रम उलटा केला की मूल्यशिक्षणाच्या तासाला मोकळा शिक्षक उरत नाही, आणि तो तास गणिताचा राहिलेला धडा संपवण्यात जातो. शाळेला हा एकच प्रश्न विचारा: मूल्यशिक्षण कोण घेतं आणि त्याचं वार्षिक नियोजन लिहिलेलं आहे का? चांगल्या शाळेत नियोजन दाखवतात. श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता वगैरे दहा मूल्यं महिन्यांवर वाटलेली असतात, आणि अनाथालयाला भेट, किनारा सफाई असे उपक्रम त्यांना जोडलेले असतात. कॅथलिक शाळेचं वेगळेपण मला तरी प्रार्थनेपेक्षा या दोन तासांत दिसतं. ते वाया जाऊ देणारी शाळा बाकी कितीही निकाल लावो, तिचं मूळ काम अर्धं राहिलं.

मालवणकर, बहारीन

भाषांचं कोणीच पुरं केलं नाही. (ब) घेऊ नका. संस्कृत शिकवते म्हणून सांगते.

संयुक्त म्हणजे हिंदी ५० आणि संस्कृत ५०. प्रत्येकी ४० लेखी, १० अंतर्गत. संस्कृतला गुण भरभरून मिळतात म्हणून पालक तिकडे धावतात, आणि आठवीपासून संस्कृत असलेल्यांना मिळतातही. पण फर्नांडिस सरांच्या हिशेबातल्या ५ तासिका हिंदी ३, संस्कृत २ अशा फुटतात. आठवड्याला दोनच तास, त्यात एक शनिवारी. जुलैत पावसाने शाळा लवकर सुटली की तोही जातो. देव, वन, माला चालवायला न शिकलेलं मूल नववीत थेट धातुरूपांवर येतं आणि पाठांतरावर वेळ मारून नेतं. दहावीला तेवढ्यावर भागत नाही. तुमच्या मुलीला एकाच वेळी मराठी वाचन, सुटलेली हिंदी आणि कोरं संस्कृत असं तिहेरी ओझं होईल. तीन पुस्तकं, तीन स्वाध्यायवह्या.

(अ) मध्ये लिपी एक. मराठीचं वाचन सुटलं की हिंदीचं निम्मं काम झालं. घोळ होतो तो शुद्धलेखनात. मराठीत कवी, गुरू असा शेवट दीर्घ लिहायचा, हिंदीत कवि, गुरु ऱ्हस्व. दोन्ही वह्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा.

पुस्तकं नीट बघून घ्या, इथेच सर्वांत जास्त चुका होतात. इंग्रजी माध्यमाला नववी-दहावीत मराठीचं पुस्तक 'अक्षरभारती'. दुकानदार सवयीने मराठी माध्यमाचं 'कुमारभारती' हातात देतो, ते प्रथम भाषेचं आणि बरंच अवघड. हिंदी संपूर्णचं 'लोकभारती', संयुक्तचं 'लोकवाणी'. संस्कृत संपूर्ण 'आमोद', संयुक्त 'आनन्द'.

देसाई, दुबई

मालवणकरबाई, संस्कृत मुलांनी शिकूच नये असं म्हणायचंय का? आपल्या मंडळात तरी असा सूर नको.

मालवणकर, बहारीन

तसं नाही हो. संस्कृत संपूर्ण १०० गुणांचं घ्या, आठवीपासून घ्या, रोजचा तास असलेल्या शाळेत घ्या. आठवड्याच्या दोन तासांत नव्याने सुरू केलेल्या संस्कृताबद्दल मी बोलते आहे.

लोपीस, दोहा

सुट्टीचंही ऐकून ठेवा, तिकिटं काढणाऱ्यांना लागेल. माध्यमिक शाळांना वर्षाच्या सुट्ट्या ७६ दिवसांच्या वर देता येत नाहीत. कॅथलिक शाळा नाताळची मोठी सुट्टी देते, कोकणात गणपतीला पाच-सात दिवस द्यावेच लागतात. ते दिवस दिवाळी आणि मे महिन्यातून वळते होतात. म्हणून दिवाळीला तीन आठवडे धरून तिकीट काढू नका, शाळेचं सुट्ट्यांचं पत्रक जूनमध्ये मागून घ्या. दहावीचा अभ्यासक्रम नाताळाआधी संपवून जानेवारीत सराव परीक्षा घेतात, तेव्हा डिसेंबरात मुलीला इकडे आणायचा बेत नववीतच काय तो उरका.

केळुसकर, मस्कत

सर्वांचे मनापासून आभार. पर्याय (अ), आणि धर्मशिक्षण खोडते. पेडणेकरभाऊ, दूतावासाचं काम रविवारी कार्यालय उघडताच करते. मालवणकरबाई, जूनपर्यंत हातात काही आठवडे आहेत. मराठीची सुरुवात कुठून करू?

मालवणकर, बहारीन

नववीच्या पुस्तकाने करू नका. इंग्रजी माध्यमाचं सातवीचं 'सुलभभारती', मग आठवीचं. बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळतात. रोज एक पान मोठ्याने वाचून घ्या, त्याच पानावरच्या पाच ओळी श्रुतलेखन. जोडाक्षरं आणि रफार यांतच बहुतेक मुलं अडतात, तेवढ्या शब्दांची वेगळी यादी करा आणि दुसऱ्या दिवशी तीच आधी घ्या. कविता शेवटी. पत्रलेखन, बातमी, जाहिरात हे उपयोजित लेखन बोलीवर पकड असलेल्या मुलांना लवकर जमतं, तिथून आत्मविश्वास येईल.

फर्नांडिस, अबू धाबी

एक राहिलं, दहावीसाठी लिहून ठेवा. आवेदनपत्र शाळा ऑनलाइन भरते, मग बोर्डाकडून प्री-लिस्ट (भरलेली माहिती तपासायची यादी) येते आणि विद्यार्थ्याची सही घेतात. त्यावर भाषांसमोर सांकेतिक क्रमांक असतात. तुमच्या मुलीचे असायला हवेत: इंग्रजी ०३, मराठी १६, हिंदी १५. मराठीसमोर ०१ पडला असेल तर तो प्रथम भाषेचा, म्हणजे कुमारभारतीची प्रश्नपत्रिका हातात येईल. सही करण्याआधी शाळेतच दुरुस्त करून घ्या, नंतर रत्नागिरीला अर्ज करावा लागतो.