मदत हवी आहे : जॅझ बास स्क्वायरचा घ्यावा की फेंडरचा?

नमस्कार. गेली चार वर्षे मी ठाण्यातील एका हौशी वाद्यवृंदात मित्राची बास गिटार वाजवत आलो आहे; आता त्याला ती परत हवी असल्याने स्वतःची घेणे भाग आहे. जॅझ बासच (फेंडर कंपनीचे बास गिटारचे एक मॉडेल) घ्यायचा हे नक्की, कारण नटपाशी (नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात त्या पट्टीपाशी) जेमतेम ३८ मिलिमीटर रुंद असलेली त्याची नेक माझ्या आखूड बोटांना फेंडरच्याच प्रिसिजन बासपेक्षा सोयीची पडते.

पेच आहे तो स्क्वायरचा क्लासिक व्हाइब आणि फेंडरचा मेक्सिकोत बनणारा प्लेयर यांमधला. स्क्वायर हा फेंडरचाच स्वस्त ब्रँड. दोन्हींची स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३४ इंचांची, पिकअपही (तारांची कंपने टिपणारी चुंबकीय उपकरणे) दोन-दोन सिंगल कॉइलचे, म्हणजे एकेका वेटोळ्याचे. दुकानात वाजवून पाहिले, तेव्हा स्क्वायरच्या फ्रेटची (नेकवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोके तळहाताला किंचित खरखरीत लागली. एका पिकअपचा आवाज उतरवताच येणारी गुणगुण मात्र दोन्हींत सारखीच होती (ती या रचनेतच आहे, त्यामुळे तिच्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही).

स्क्वायर घेऊन उरलेल्या रकमेतून फ्रेट घासून घेणे, पिकअप बदलणे आणि नीट सेटअप (तारांची उंची वगैरेंची जुळणी) करून घेणे शहाणपणाचे ठरेल का? की हा खर्च जमेस धरता सरळ फेंडर घेतलेलाच बरा? विशेषतः कोकणपट्टीच्या दमट पावसाळ्यात ज्यांनी यांपैकी एखादा बास दोन-तीन वर्षे वापरला आहे, त्यांना ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) किती वेळा फिरवावा लागला, हे कृपया सांगावे.