फसलेल्या संयुगांचे निकाल सगळ्यांना खुले असावेत का?

पाषाणकर:
कॉम्बिनेटोरियल केमिस्ट्रीचा, म्हणजे थोड्या घटकांच्या जोड्या लावून एकदम असंख्य संयुगं बनवण्याचा, हिशोब भुरळ पाडतो. २० ॲमिनो आम्लं, वाटा-जोडा-मिसळाच्या (भाग वाटायचे, प्रत्येकात एक आम्ल जोडायचं, पुन्हा मिसळायचं) ५ फेऱ्या; १०० विक्रियांत ३२ लाख पेप्टाइड, म्हणजे ॲमिनो आम्लांच्या साखळ्या, तयार. अर्पाद फुर्का यांनी ही युक्ती १९८०च्या दशकात काढली. पुढे कंपन्यांनी अशा संयुगांच्या लायब्रऱ्यांचे, म्हणजे संग्रहांचे, डोंगर रचले, औषधं मात्र मोजकीच निघाली. त्यातून निघालेल्या सोराफेनिब या कर्करोगावरच्या औषधाचंच नाव सारखं ऐकू येतं ते त्यामुळेच. संयुगं भरपूर आहेत, निकाल कपाटात पडून आहेत. पुण्यात पाषाणला एका गटाने विषारी म्हणून सोडलेली रेणूमालिका हिंजवडीत कुणीतरी पुन्हा बनवत बसतं. सरकारी पैशातून झालेला प्रत्येक निकाल, फसलेलासुद्धा, खुला व्हायलाच हवा. जगात क्षयाचे सर्वाधिक रुग्ण आपल्या देशात आहेत हो!

हिंजवडीचा केमिस्ट:
अजिबात सहमत नाही. पेटंटचा अर्ज करण्याआधी रचना उघड झाली की नावीन्य गेलं. छोट्या कंपनीकडे विकण्यासारखं तेवढंच असतं. शिवाय फसलं हे ठरवणार कोण? थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध गर्भातल्या बाळांना व्यंग आणतं म्हणून १९६१ मध्ये बाजारातून काढलं, आणि २००६ मध्ये तेच अमेरिकेत मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी मंजूर झालं.

पाषाणकर:
हे उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. थॅलिडोमाइड सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच जेरुसलेममधल्या एका डॉक्टरला ते कुष्ठरुग्णांना देऊन बघता आलं. कपाटात असतं तर?

डेटाताई:
मी असे तक्ते रोज साफ करते, म्हणून सांगते. नुसता आकडा खुला करून काही होत नाही. कायनेज या विकरांच्या चाचणीत एटीपीचं (विकर वापरतं त्या ऊर्जा-रेणूचं) प्रमाण बदललं की त्याच संयुगाचा आयसी-५०, म्हणजे विकराचं काम निम्म्यावर आणणारी मात्रा, बदलतो. पेशी कोणत्या, डीएमएसओ हा द्रावक किती, नमुना किती शुद्ध, हे सोबत नसेल तर दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवणं घातक आहे. त्यावर शिकवलेलं संगणकाचं मॉडेल आत्मविश्वासाने चुकीचं सांगतं. आधी नोंदींची पद्धत एक करा. हे कंटाळवाणं काम आहे, त्याला अनुदान मागायलाही कुणी जात नाही.

पाषाणकर:
ताई, हे मान्य. चाचणीच्या अटींशिवाय निकाल स्वीकारूच नये. पण एकत्र काम होतं, हे कोविडवरचं औषध शोधणाऱ्या २०२० च्या कोविड मूनशॉट या खुल्या प्रकल्पाने दाखवलंय. जगभरच्या केमिस्टांनी रेणू सुचवले, निकाल उघड्यावर आले, पेटंट नाही. आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने तर क्षयासाठी २००८ मध्येच ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी, म्हणजे खुल्या पद्धतीने औषध शोधण्याचा प्रकल्प, सुरू केलं होतं.

हिंजवडीचा केमिस्ट:
आणि त्या दोन्हींतलं कोणतं औषध आज मेडिकलच्या दुकानात मिळतं? रेणू सापडणं ही सुरुवात आहे. प्राण्यांवरच्या आणि माणसांवरच्या चाचण्यांना पैसा लागतो, आणि पेटंट नसेल तर तो कुणी घालत नाही.

पाषाणकर:
पेटंटचा अर्ज तसाही १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तोवर थांबा, मग निकाल द्या. यात तुमचं काय जातं?

हिंजवडीचा केमिस्ट:
अर्जात आम्ही निवडक संयुगं देतो. बाकीच्या शेकडो फसलेल्या संयुगांवरून आमचा पुढचा रेणू कुठल्या दिशेने जाणार ते स्पर्धकाला कळतं. सरकारी पैशाचं तुमचं म्हणणं समजू शकतो. पण ज्या प्रकल्पात निम्मा पैसा आमचा आहे, तिथे काय करायचं ते सांगा.