ग्रँड आर्मीच्या शाखा गेल्या कुठे?

प्रश्न: अमेरिकन यादवी युद्धातल्या माजी सैनिकांची ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ छोट्या छोट्या गावांतही होती म्हणे. मग आज एकही शाखा कशी नाही?

प्रतिसाद १: असणार कशी! सदस्यत्व फक्त युनियनच्या, म्हणजे उत्तरेकडच्या केंद्र सरकारच्या बाजूने लढलेल्यांना, त्यांच्या पोरांना नाही. १८६६ मध्ये इलिनॉयमधल्या डिकेटरला सुरू झाली, १८९० च्या सुमारास चार लाखांवर सदस्य. १९५६ मध्ये शेवटचा सदस्य आल्बर्ट वूल्सन गेला, संघटनाही संपली.

प्रश्नकर्ता: म्हणजे ठरवूनच?

प्रतिसाद १: हो, आणि मला ते प्रामाणिक वाटतं. शाखांच्या बैठकांची जुनी इतिवृत्तं मिळाली तर जरूर वाचा. नवा माणूस घ्यायचा की नाही, हे पांढऱ्या-काळ्या गोळ्यांच्या गुप्त मतदानाने ठरे. गावातली जुनी भांडणं तिथेही निघत असणारच!

प्रतिसाद २: ३० मेला सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहायची, हा १८६८ चा आदेशही त्यांच्याच प्रमुखाचा, जॉन लोगनचा.