दुपारची सौर वीज स्लॅबमध्ये साठवावी का?

कर्वेनगरकर:
एप्रिलमध्ये दुपारी सौर वीज भरपूर असते आणि ऊन कललं की कमी पडते. नेमके तेव्हाच घरोघरी एसी सुरू होतात. त्यावर सगळे फक्त बॅटऱ्यांबद्दल बोलतात. पण साठवणीची प्रचंड जागा आपण आधीच बांधून ठेवलीय: काँक्रीट. दुपारी एसीने ते गार करून ठेवायचं आणि संध्याकाळी तोच गारवा वापरायचा. १० बाय १२ च्या खोलीवरचा पाच इंची स्लॅब सुमारे ३.४ टनांचा असतो. तो २ अंशांनी थंड करायचा तर १.७ युनिट उष्णता काढावी लागते. एसी खाल्लेल्या विजेच्या साधारण तिप्पट उष्णता काढतो, म्हणजे विजेचं अर्धं युनिट, थोडं जास्तच. हे एका खोलीचं झालं, आता सगळं पुणे धरा. युरोपात थंडीत हेच उलटं करतात. वीज स्वस्त असताना हीट पंप (उलटा चालणारा एसीच) लावून घर जरा जास्त तापवतात आणि दर चढला की पंप बंद ठेवतात. २०२३ च्या केंद्रीय नियमांत स्मार्ट मीटरवाल्यांना सौर तासांत कमी दर द्यायला सांगितलंय. त्याचा उपयोग करून घ्यायला नको का?

साइटवरचा:
आकडा पटला, पण तो स्लॅब खोलीतल्या हवेला भेटतो कुठे? मध्ये पीओपीचं फॉल्स सीलिंग असतं. भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या, काँक्रीटच्या जेमतेम पाव वजनाच्या. मिवानच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या इमारतीत भिंतीही काँक्रीटच्या असतात, तेवढा अपवाद. सीलिंग उघडं असलं तरी हवा आणि स्लॅब यांत ३ अंशांचा फरक ठेवून तासाला पाव युनिटही उष्णता निघत नाही. १.७ युनिट काढायला सात-आठ तास जातील, तुमची सौर दुपार तेवढी आहे का? म्हणूनच स्वित्झर्लंड-जर्मनीतल्या काही ऑफिसांत स्लॅब ओततानाच आत पाण्याचे पाइप टाकतात. शिवाय तुमचं सीलिंग म्हणजे वरच्यांची जमीन, त्यांचा एसी बंद असेल तर तुमचा गारवा त्यांना. आणि सर्वांत वरच्या मजल्यावर आधी टेरेसला चायना मोझॅक (ऊन परतवणारे पांढऱ्या फरशीचे तुकडे) करा, बाकी सगळं नंतर.

औंधची मावशी:
दुपारी घरात असतं कोण? रिकाम्या घरात भिंतींसाठी एसी लावायचा? सवलत १५ टक्के आणि गळतीमुळे २० टक्के वीज जास्त लागली, तर १.२ × ०.८५ = १.०२. बिल वाढलंच की! पुण्याची रात्र अजून थंड होते. रात्री खिडक्या उघडा, सकाळी बंद करून पडदे ओढा. वाड्यांच्या जाड भिंती हेच काम करायच्या.

कर्वेनगरकर:
मावशी, तुलना साध्या दराशी नको, संध्याकाळच्या चढ्या दराशी करा. तो १५ टक्के जास्त असेल तर १.०२ विरुद्ध १.१५. रात्रीच्या वाऱ्याचं अगदी मान्य, मी स्वतः तेच करतो. पण रस्त्यालगतच्या फ्लॅटमध्ये धूळ, डास आणि हॉर्न यांमुळे खिडकी उघडता येत नाही, त्यांनी काय करायचं?

धनकवडी:
एवढी खटपट कशाला? घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. दुपारी पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. असे आणखी बांधा.

कर्वेनगरकर:
जरूर बांधा. पण घाटघरची वीजही शेवटी तुमच्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमधूनच येणार, आणि मे महिन्यात रात्री तोच तापून बसतो. इमारत आधीच गार असेल तर त्याच्यावरचा भार मुळातच कमी होतो.

सहकारनगरची:
पावसाळ्याचं काय? गार पृष्ठभागावर दमट हवेतलं पाणी सुटतं. स्लॅब १९-२० अंशांवर नेलात तर जुलैत भिंतींवर बुरशी येईल. माझ्या मुलाला दमा आहे, मला हा खेळ नको.

कर्वेनगरकर:
ताई, म्हणूनच हे मार्च ते मे आणि २४ अंशांच्या आसपासच. पावसाळ्यात अजिबात नाही. आणि घरांपेक्षा आधी हिंजवडी-खराडीची ऑफिसं. तिथे दुपारी माणसं असतात, अमेरिकेच्या वेळेवरच्या शिफ्टमुळे चिलर (इमारतीची मोठी गारवा यंत्रं) रात्रीही चालतात, आणि इमारत चालवणारा एकच, त्यामुळे वरच्या-खालच्या मजल्याचा प्रश्नच नाही.

साइटवरचा:
ऑफिसांबद्दल बोलायला तयार आहे. फॉल्स सीलिंग नसलेला एक मजला निवडा. दुपारी २ ते ५ सेटिंग दोन अंश खाली, सहानंतर वर. शेजारचा मजला नेहमीसारखा चालू द्या. एप्रिलभर दोन्हींचे युनिट आणि लोकांच्या तक्रारी लिहून ठेवा आणि आकडे इथे टाका. घरांबाबत मात्र माझा विरोध कायम आहे.