मे महिन्यात बाळंतिणीला पाणी तोडून देणं थांबवा

ओलीबाळंतीण:
पारा ४५ वर, दारं-खिडक्या बंद, खाटेखाली शेगडी, आणि प्यायला मोजून-मापून कोमट पाणी. नागपुरात कितीतरी घरांत उन्हाळ्यातलं बाळंतपण अजून असंच होतं. माझा याला ठाम विरोध आहे. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असतं आणि बाळ रोज साधारण पाऊण लिटर दूध पितं. वर घाम वेगळाच. पाणी तोडलं की आधी आईलाच त्रास होतो: लघवी गडद पिवळी, जळजळ, डोकेदुखी, बद्धकोष्ठ. टाके असतील तर कुंथणं म्हणजे शिक्षाच. दर वेळी पाजायला बसताना हाताशी तांब्या ठेवा. दूध उतरताना तहान लागतेच. माठातलं पाणी, ताक, लिंबू-पाणी, सगळं चालतं.

महालच्या काकू:
पाणी तोडा असं शहाणं माणूस म्हणतच नाही जी. पण लोटेच्या लोटे पाजले म्हणून दूध वाढतं, हेही खरं नाही. बाळ जितकं ओढेल तितकं दूध बनतं. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. आजकाल "जुनं सगळं चूक" म्हणत लाडूही बंद करतात, अन् पोरगी तिसऱ्या आठवड्यात वजन उतरवायच्या मागे. पहिल्या सहा महिन्यांत तिला रोज ६०० कॅलरी जास्त लागतात. डिंक-खोबऱ्याच्या लाडवात त्या चटकन मिळतात, एका हातानं खाता येतो, रांधावं लागत नाही. झोपमोड झालेल्या बाईला अजून काय पाह्यजे?

ओलीबाळंतीण:
काकू, लाडवाला माझी ना नाही. ४० ग्रॅमच्या एका लाडवात दोनशेच्या आसपास कॅलरी, म्हणजे तीन लाडवांत तुमचा हिशेब पूर्ण. पण प्रथिनं? ती १७ ग्रॅम जास्त हवीत, आणि तीन लाडवांत त्याच्या निम्मीही जेमतेम. त्याऐवजी एक लाडू, एक ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि एक अंडं धरा, दोन्ही भागतं. तूरडाळ "वातूळ" म्हणून बंद करू नका. आईच्या पोटातला वायू दुधात उतरत नाही.

पथ्यपाणी:
शेगडीबद्दल कोणीच खुलून बोललं नाही. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, आणि आई-बाळ दोघंही तिथेच झोपलेले. ओवा, वेखंड, लसणाच्या सालींची धुरी बाळाच्या श्वासनलिकेला झोंबते ती वेगळीच. कूलर लावा, खिडकी उघडी ठेवा, झोत बाळावर नको.

महालच्या काकू:
शेगडी काढा, मान्य. मे महिन्यात शेक लागतच नाही. पण त्या शेकासोबत ४० दिवसांचा आराम होता, तोही काढून टाकू नका. आणि अळीव? खीर द्यायची की नाही?

पथ्यपाणी:
द्या. चमचाभर अळीव अर्ध्या कप पाण्यात दोन-तीन तास भिजवा; फुगतात, कोरडे गिळू नयेत. पण अळीव खाल्ले म्हणून लोहाच्या गोळ्या सोडू नका. त्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, आशाताईंकडे मिळतात. गोळी लिंबू-पाण्यासोबत घ्यावी, चहासोबत नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही.

ओलीबाळंतीण:
एक राहिलं. उन्हाळा म्हणून बाळाला चमच्यानं पाणी पाजू नका. सहा महिन्यांपर्यंत त्याची तहान दुधानंच भागते. उकाड्यात ते जास्त वेळा मागेल, तेव्हा पाजा. पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय.

महालच्या काकू:
अन् गुटी?

ओलीबाळंतीण:
तीही नाही, काकू.

महालच्या काकू:
पाण्यावर तुमचं ऐकते. गुटीवर नाही.