डेट्रॉइटचा तेरावा मतदारसंघ: कौल कोणाचा मानायचा?

सागरिका

अमेरिकी प्रतिनिधिगृहातील मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघाकडे आपण मराठी लोक सहसा श्री ठाणेदारांमुळे पाहतो. चिकोडीत जन्मलेल्या मराठी माणसाने २०२२ मध्ये तेथून निवडून यावे याचा आनंद मलाही आहे. परंतु डेट्रॉइटमध्ये नोव्हेंबरची मुख्य निवडणूक डेमोक्रॅटिक उमेदवार जिंकणार हे गृहीतच असते आणि २०१८ मध्ये तर तेराव्यात रिपब्लिकन उमेदवारच उभा नव्हता. त्यामुळे खरा निर्णय ऑगस्टमधील पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत होतो. २०२२ च्या प्राथमिक फेरीत नऊ उमेदवार होते आणि ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर, म्हणजे साधारण २२ हजार मतांवर जिंकले. मतदारसंघाची लोकसंख्या मात्र पावणेआठ लाखांच्या घरात आहे. अशा ठिकाणी पसंतीक्रमाचे मतदान हवे, म्हणजे मतदाराने उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

उत्तररंग

मी असहमत आहे. जागा पक्षासाठी सुरक्षित असली तरी खासदारासाठी सुरक्षित नसते. डेट्रॉइटच्या याच तेराव्या मतदारसंघाने २०१० मध्ये विद्यमान खासदार कॅरोलिन चीक्स किल्पॅट्रिक यांना प्राथमिक फेरीत घरी बसवले, कारण त्यांचे चिरंजीव, माजी महापौर क्वामे किल्पॅट्रिक, यांच्या प्रकरणांनी शहर विटले होते. त्यांच्या जागी आलेले हॅन्सन क्लार्क हे बंगाली वडिलांचे पुत्र, म्हणजे दक्षिण आशियाई वंशाचा खासदार येथे ठाणेदारांच्या आधीच होऊन गेला. शिवाय मिशिगनमध्ये मतदाराची पक्षनोंदणी नसते आणि प्राथमिक फेरीत कोणत्या पक्षाच्या स्तंभात मत द्यायचे ते तो स्वतः ठरवतो. ज्याला सहभागी व्हायचे आहे त्याला दार उघडे आहे.

सागरिका

दार उघडे आहे हे मान्य, पण आत गेल्यावर मतांची विभागणी निकाल ठरवते आणि याचा सर्वांत स्पष्ट पुरावा २०१८ चा आहे. जॉन कॉनियर्स यांनी पन्नासहून अधिक वर्षांच्या कारकिर्दीनंतर, लैंगिक छळाच्या आरोपांमुळे, डिसेंबर २०१७ मध्ये राजीनामा दिला. त्यानंतर ऑगस्टमध्ये एकाच दिवशी दोन प्राथमिक निवडणुका झाल्या: उरलेल्या काही आठवड्यांच्या मुदतीसाठी ब्रेन्डा जोन्स जिंकल्या, तर पूर्ण मुदतीसाठी रशिदा तलैब सुमारे ९०० मतांनी पुढे राहिल्या. पहिल्या यादीत चार नावे होती, दुसरीत सहा. त्याच दिवशी त्याच मतदारांनी दोन वेगळे कौल दिले असतील, तर खरा कौल कोणता मानायचा?

माळरान

पद्धतीइतकाच प्रश्न सीमारेषांचाही आहे आणि तो मला अधिक टोचतो. चार्ल्स डिग्ज १९५५ मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, गेले तेव्हापासून डेट्रॉइटला सतत कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता. २०२३ मध्ये ती परंपरा तुटली. नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाने आखलेल्या नव्या नकाशात शहर बारावा व तेरावा अशा दोन मतदारसंघांत विभागले गेले, त्यांना उपनगरे जोडली गेली आणि तेराव्यात अनेक कृष्णवर्णीय उमेदवारांमध्ये मते वाटली गेली. ठाणेदारांनी स्वतःचा प्रचंड पैसा ओतला हेही खरे. मराठी माणूस निवडून आला म्हणून या शहराचे दुःख आपण नजरेआड करू नये.

उत्तररंग

ते दुःख मी नाकारत नाही. परंतु ठाणेदारांचे प्रतिस्पर्धी ॲडम हॉलियर यांच्यासाठीही बाहेरच्या गटाने २०२२ मध्ये लाखो डॉलर खर्च केले होते, तेव्हा पैसा एकाच बाजूला नव्हता. २०२४ च्या प्राथमिक फेरीत तर ठाणेदारांना निम्म्याहून अधिक मते मिळाली.

सागरिका

त्या वेळी उमेदवारीसाठी लागणाऱ्या मतदारांच्या पुरेशा वैध सह्या नसल्यामुळे हॉलियर यांचे नाव मतपत्रिकेवरच नव्हते, हेही त्या आकड्याच्या शेजारी लिहिले पाहिजे. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघांत पसंतीक्रमाने मतदान होते आणि मतदार ते व्यवस्थित हाताळतात. डेट्रॉइटच्या मतदाराला ते जमणार नाही असे मानण्यास मला कोणतेही कारण दिसत नाही. २०२४ मध्ये तशी पद्धत असती तरी ठाणेदार कदाचित जिंकले असतेच, पण २०२२ च्या २८ टक्क्यांवर आज जो आक्षेप घेतला जातो, तो घेता आला नसता.